गोचिडीचा ताप : अमेरिकेतला आणि आपल्याकडचा

रोशन गेट भागातल्या एका भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांची मुलगी लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. घरामागचे गवत कापल्यावर काही दिवसांनी तिच्या मांडीवर तांबूस चट्टा उठला, अंग मोडून आले, आणि तिथल्या डॉक्टरांनी 'लाइम डिसीज' असे निदान केले. भगिनींनी दोन प्रश्न विचारले आहेत. हा आजार कितपत धोक्याचा आहे? आणि मुलगी-नातवंडे सुट्टीत घरी येतील तेव्हा तो आमच्यातही पसरेल का? पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी एक वाक्य लिहिले आहे: गच्चीवर ईदसाठी बोकड बांधला आहे, त्याच्या कानात चिचड्या दिसतात, त्यानेही असेच काही होते का?

आम्हाला हा शेवटचा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पण लेक परदेशात आजारी असताना आईला आधी तिचीच काळजी असणार, म्हणून सुरुवात तिथून करू.

लाइम हे गावाचे नाव आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातले छोटेसे गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या आणि आसपासच्या मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा संधिवात. पॉली मरे नावाच्या एका आईला हे पटले नाही. तिच्या घरात तिला स्वतःला, नवऱ्याला आणि मुलांना वर्षानुवर्षे चट्टे, ताप, सांधेदुखी असा त्रास होता आणि ती सगळे वहीत टिपून ठेवत होती. एवढ्याशा गावात इतक्या जणांना संधिवात कसा, असा प्रश्न घेऊन ती आणि ज्युडिथ मेन्श नावाची दुसरी एक आई राज्याच्या आरोग्य खात्याकडे गेल्या. तपासाला येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर आले. त्यांच्या टिपणात ५१ रुग्ण नोंदले गेले, त्यांत ३९ मुले होती. जंतू सापडायला पुढे काही वर्षे लागली. १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीच्या पोटातला मळसूत्रासारखा जंतू जगापुढे ठेवला आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. एका आईच्या वहीतून एवढे निघाले. आपल्याकडे घरातल्या बाईने 'मला काहीतरी वेगळे वाटते' म्हटले की 'तू डॉक्टर आहेस का' असे उत्तर मिळते, म्हणून हे जरा सविस्तर सांगितले.

आज अमेरिकेत दरवर्षी अंदाजे पावणेपाच लाख लोकांवर लाइमचा इलाज होतो. म्हणजे तिथे हा दुर्मीळ आजार नव्हे, आणि तिथले डॉक्टर तो चांगला ओळखतात. चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत चट्टा उठतो आणि हळूहळू पसरतो. कधी मध्ये लाल ठिपका, भोवती फिकट कडे, त्याबाहेर पुन्हा लाल कडे, असा नेमबाजीच्या फळीसारखा दिसतो, पण दर वेळी नाही. तो सहसा दुखत नाही, खाजतही नाही, त्यामुळे लक्ष जात नाही. शिवाय पुस्तकांतली बहुतेक चित्रे गोऱ्या कातडीवरची आहेत. आपल्या सावळ्या अंगावर हाच चट्टा जांभळट किंवा नुसता काळसर दिसतो आणि 'मार लागला असेल' म्हणून सुटतो. परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांना एवढे जरूर कळवा.

वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या गोळ्यांनी दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांना पूर्ण आराम पडतो. दुर्लक्ष झाले तर मात्र जंतू पुढे सरकतो. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, गुडघा सुजतो, क्वचित हृदयाचे ठोके बिघडतात. अशा वेळीही औषध आहे, फक्त उपचार लांबतो. म्हणून या भगिनींनी मुलीला एवढेच सांगावे की गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नको, आणि दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांग.

आता दुसरा प्रश्न. लाइम माणसाकडून माणसाला लागत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, गळाभेट घेतल्याने नाही, नातवंडांचे मुके घेतल्याने तर मुळीच नाही. त्याला ठरावीक जातीची गोचीड लागते, तिला थंड, ओलसर, पालापाचोळ्याचे रान लागते, आणि तिने अंगाला साधारण दिवसभर किंवा जास्त चिकटून राहावे लागते. भारतात लाइमचे तुरळक रुग्ण हिमालयाच्या पायथ्याच्या राज्यांत आणि केरळातल्या वायनाडसारख्या जंगलभागात आढळले आहेत. आपला मराठवाडा कोरडा, उघडा. इथे सांधे दुखले म्हणून लाइमची महागडी तपासणी करून घेण्यात आम्हाला शहाणपण दिसत नाही. जिथे आजारच जवळजवळ नाही, तिथे अशा तपासणीत 'आहे' असा खोटा निकाल येण्याचीच शक्यता जास्त असते, आणि मग माणूस नसलेल्या आजाराची औषधे खात बसतो.

पण लाइम नाही म्हणून गोचीड निरुपद्रवी, असे समजू नका. तिचे इथले आजार वेगळे आहेत आणि त्यांची नावे आपल्या घरांत कुणाला माहीत नसतात.

पावसाळा ओसरू लागला की आपल्याकडे तापाचे दिवस येतात. ताप आला, प्लेटलेट कमी झाल्या, की सगळ्यांच्या तोंडी डेंग्यू. त्या गर्दीत एक दुसराच ताप लपलेला असतो: स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याने बरेच बळी घेतले तेव्हा हे नाव वर्तमानपत्रांत आले. हा गोचिडीचा नव्हे, तिच्या नात्यातल्या एका अतिशय बारीक किड्याच्या पिल्लाचा चावा. ते डोळ्यांना दिसतही नाही. गवतात, झुडपांत, बांधावर असते. चावलेल्या जागी पुष्कळदा काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी, आणि दुखत नाही. खरा गोचीडतापही आपल्या भागाला अनोळखी नाही. अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी या जातीच्या तापांनी आजारी मुलांचा अभ्यास करून २०११ मध्ये एक गुणपद्धती मांडली, ती यासाठी की मोठ्या तपासण्या नसलेल्या गावातल्या डॉक्टरलाही लक्षणांवरून संशय घेता यावा. त्यांतली एक खूण आयांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे: तापात अंगावर पुरळ उठते आणि ते तळहात-तळपायांवरही येते.

या दोन्ही तापांची गोष्ट जिवाला लागण्यासारखी आहे, कारण यांचे औषध तेच स्वस्त डॉक्सिसायक्लिन आहे. वेळेवर मिळाले तर सहसा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. आणि तापात एरवी सर्रास दिली जाणारी, सलाइनमधून जाणारी महागडी प्रतिजैविके इथे कामाची नाहीत. माणूस आठवडाभर भारी औषधे घेत राहतो, मूत्रपिंड आणि फुप्फुस बिघडत जातात, आणि घरचे म्हणतात, इतका खर्च करूनही ताप का उतरत नाही. गरोदर बाईसाठी डॉक्टर दुसरे औषध निवडतात, म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. ती काळी खपली बहुधा झाकलेल्या जागी असते. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, छातीच्या खाली. आपल्या घरांतल्या बायका-मुली ती जागा डॉक्टरांना दाखवत नाहीत, आणि डॉक्टरही संकोचाने विचारत नाहीत. पर्दा आपल्या जागी आहे, पण जिवाच्या प्रश्नात इलाजासाठी शरीर दाखवण्याची मुभा आपल्या उलेमांनी कायम दिलेली आहे. तेही जमत नसेल तर आईने, बहिणीने, सासूने घरीच डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. काही दिसले तर 'अमुक जागी काळी खपली आहे' एवढे शब्द डॉक्टरांच्या कानावर घातले तरी निम्मे काम होते.

कोकणातल्या आमच्या वाचकांसाठी दोन ओळी. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आणि शेजारी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५-१६ पासून माकडताप दिसला आहे. तो १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि तो गोचिडीचाच आहे. काजूच्या बागेत किंवा रानात माकड मरून पडलेले दिसले तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

आता गच्चीवरचा बोकड.

ईद-उल-अजहा जवळ आली की आपल्या शहराचा रंग बदलतो. छावणीच्या बाजारातून काळेभोर उस्मानाबादी बोकड येतात, कुणी राजस्थान-गुजरातकडचे उंच जनावर आणतो. घराच्या जिन्यात, गच्चीवर, गल्लीच्या कोपऱ्यात ते बांधले जाते आणि मुलांना जणू नवा भाऊ मिळतो. मुले त्याला मेहंदी लावतात, गळ्यात पडतात, त्याच्याजवळ झोपायचा हट्ट करतात. हा लळा कुर्बानीचा भागच आहे, तो तोडा असे आम्ही कधी म्हणणार नाही. फक्त बोकडाबरोबर त्याच्या कानात, शेपटीखाली, जांघेत बसून कोण आले आहे ते आधी पाहा.

जनावरांवरच्या काही गोचिडींत काँगो तापाचा विषाणू असू शकतो. क्रायमियात १९४४ मध्ये आणि काँगोत १९५६ मध्ये सापडलेले ताप एकच आहेत असे पुढे कळले, म्हणून त्याचे पूर्ण नाव क्रायमियन-काँगो ताप. तो पसरवणारी हायलोमा जातीची गोचीड ओळखायला फार अवघड नाही. तिच्या तपकिरी पायांवर फिकट पट्टे असतात. बाकीच्या गोचिडी गवताच्या टोकावर वाट पाहत बसतात, ही मात्र जनावर किंवा माणूस दिसला की त्याच्या दिशेने चालत येते. भारतात हा ताप पहिल्यांदा निश्चित झाला तो जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातल्या कोलाट गावात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासून सांगितले. ती रुग्ण महिला तर गेलीच, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. लाइमच्या उलट हा ताप रुग्णाच्या रक्तातून दुसऱ्याला लागतो. त्यानंतर गुजरात आणि राजस्थानात रुग्ण आढळत राहिले. २०२० च्या सप्टेंबरात आपल्या पालघर जिल्ह्याच्या प्रशासनाने गुजरातच्या सीमेमुळे पशुपालकांना आणि मांसविक्रेत्यांना सावध केले होते. लागण झालेल्या दर शंभर रुग्णांत १० ते ४० दगावतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

हे वाचून कुणी घाबरून जाऊ नये. देशभर दरवर्षी लाखो कुर्बान्या होतात आणि या तापाचे रुग्ण मोजके आहेत. कुर्बानीविरुद्ध बोलायला निमित्त शोधणारे या आजाराचे नाव घेतील, त्यांच्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आम्ही लिहितो ते आपल्या घरासाठी. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान, इराक या देशांत हा ताप मुरलेला आहे आणि तिथली आरोग्य खाती ईदच्या आधी दरवर्षी लोकांना सूचना देतात. तिथे कुर्बानी थांबलेली नाही, पद्धत सुधारली आहे.

अडचण अशी की लागण झालेले जनावर आजारी दिसत नाही. खाते-पिते, उड्या मारते. कुर्बानीचे जनावर निरोगी हवे, आंधळे, लंगडे, रोगट, मरतुकडे नको, हे आपण शरीअतप्रमाणे पाहतोच, पण या विषाणूला ती परीक्षा लागू पडत नाही. सुदैवाने जनावराच्या रक्तात तो साधारण आठवडाभरच राहतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: जनावराच्या गोचिडी औषधाने मारा आणि त्यानंतर किमान दोन आठवडे ते गोचीडमुक्त ठेवून मग कापा. आपल्या भाषेत सांगायचे तर बोकड ईदच्या आदल्या रात्री न आणता ईदच्या किमान दोन आठवडे आधी, म्हणजे ज़िलहज्जचा चांद दिसण्याच्याही काही दिवस आधीच आणा, आणि आणल्या दिवशीच पशुवैद्याला दाखवा. भाव शेवटच्या रात्री उतरतो म्हणून थांबणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी हा हिशेबही जमेस धरावा.

औषधाबद्दल एक सूचना फार महत्त्वाची आहे. गोचिडीवर दिली जाणारी काही औषधे, विशेषतः टोचून दिलेली, जनावराच्या मांसात अनेक आठवडे उरतात. म्हणून पशुवैद्याला 'हा कुर्बानीचा आहे, अमुक दिवशी कापायचा आहे' हे आधी सांगा, म्हणजे तो अंगावर लावायचे योग्य औषध निवडेल. दुकानदाराने हातात दिलेली बाटली बादलीत ओतून उघड्या हातांनी ढवळू नका, मुलांना जवळ ठेवू नका. गोचीड भिंतीच्या भेगांत, कुंपणाच्या फटीत हजारो अंडी घालते, तेव्हा जिथे जनावर बांधता ती जागा झाडून, भेगा बुजवून, चुन्याचा हात देऊन ठेवली तर पुढच्या वर्षीचाही त्रास वाचतो. आणि ते नखाने टचकन चिरडणे बंद करा. खेड्यापाड्यांत आणि आपल्या मोहल्ल्यांतही मुले हा खेळ करतात. गोचीड फुटली की तिच्यातले रक्त बोटाच्या चिरेत जाते.

ईदच्या दिवशी सगळ्यात जास्त रक्ताशी संबंध येतो तो कसायाचा. दिवसभरात तो कितीतरी जनावरे कापतो आणि त्याच्या हातांवर सुरीच्या जुन्या-नव्या जखमा असतात. त्याची मजुरी देताना घासाघीस करणाऱ्यांनी रबरी हातमोज्यांची एक जोडी दिली तर बरे होईल. कातडे सोलताना, आतडी काढताना ते घालता येतात. त्याच्या पाठोपाठ येतात आपल्या घरच्या बायका: मुंडी भाजणे, पाये साफ करणे, वजडी धुणे. बोटाला कापलेले असेल तर त्या दिवशी ते काम दुसऱ्याला द्या, नाहीतर हातमोजे घाला. रक्त डोळ्यांत उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. मुलांनी जिबह जरूर पाहावा, पण रक्ताच्या थारोळ्याजवळ नाही.

गोश्तबद्दल मनात शंका ठेवू नका. व्यवस्थित शिजलेल्या मांसातून हा ताप लागत नाही. धोका ताज्या रक्ताचा आणि कच्च्या मांसाच्या हाताळणीचा आहे, शिजलेल्या सालनाचा नाही. कलेजी तेवढी पूर्ण शिजवा, अर्धी कच्ची चाखू नका.

ज्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही ती म्हणजे मदरशांसाठी आणि संस्थांसाठी कातडी गोळा करणारी पोरे. जनावर थंड पडू लागले की गोचिडी त्याला सोडून नवा ऊबदार देह शोधतात, आणि अशा वेळी ही पोरे गरम कातडी खांद्यावर टाकून, गाडीत रचून नेतात. कातडी देताना पिशवीत घालून द्या. संस्थांनी आपल्या मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे द्यावेत, संध्याकाळी आंघोळीच्या वेळी अंग तपासायला सांगावे.

अंग तपासण्याची सवय आपल्याला नव्याने शिकायची नाही. वुजू करताना घोट्यांपर्यंत पाय धुतो, मसह करताना कानामागे बोट फिरवतो. गुस्ल करताना काख, जांघ, बेंबी, केसांची मुळे येतातच. शेतातून, रानातून, खुलताबाद-म्हैसमाळच्या सहलीवरून किंवा गोठ्यातून आल्यावर तोच हात जरा सावकाश फिरवा. तिळाएवढी काळी गाठ लागली तर नीट पाहा, तीळ आहे की पायवाली आहे.

गोचीड चिकटलेली दिसली तर भुवयांचा बारीक चिमटा घ्या, कातडीच्या अगदी लगत तिचे तोंड पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. रॉकेल, बाम, तूप, पेटती काडी यांतले काही लावू नका. या उपायांनी ती सुटण्याआधी आपल्या पोटातला ऐवज जखमेत ओकू शकते. जागा साबणाने धुवा, आणि ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

तारीख कामाची ठरते ती तापाच्या वेळी. काँगो ताप चावल्यावर साधारण १ ते ३ दिवसांत, जास्तीत जास्त ९ दिवसांत येतो. रक्ताच्या संपर्काने झाला तर ५-६ दिवसांत, कधी १३ दिवसांपर्यंत. एकाएकी भडकलेला ताप, अंगदुखी, चक्कर, डोळ्यांना उजेड सहन न होणे, आणि पुढे हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. असे काही दिसले तर छोट्या दवाखान्यात सलाइन लावत बसू नका, घाटीत किंवा मोठ्या रुग्णालयात न्या, आणि रुग्णाचे रक्त, ओकारी, कपडे उघड्या हाताने साफ करू नका. स्क्रब टायफसला साधारण दहा दिवस लागतात. डॉक्टर विचारतील, बाहेरचे काही खाल्ले का, डास चावले का. बोकडाबद्दल सहसा कुणी विचारत नाही. तुम्ही सांगा: अमुक तारखेला जनावर कापले, अमुक तारखेला गोचीड काढली, अमुक शेतात गवत कापले. आणि हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा, कारण रात्री ड्यूटीवर येणारा डॉक्टर वेगळा असतो.